सेफ्टी अण्णा

चहाचा कप पुढे केला की काही माणसं आधी त्याचा कान हलवून पाहतात. सेफ्टी अण्णा त्यांतले. कान घट्ट आहे, बशीला तडा नाही, आतला ऐवज जीभ भाजण्याच्या पलीकडे गेला आहे, अशा तिन्ही बाबी पटल्या की ते पहिला घोट घेतात. तोवर बाकीच्यांचे कप विसळून झालेले असतात.

चेन्नईजवळच्या आवडीत त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. तमिळ शेजारी त्यांच्या रीतीने, आम्ही चार मराठी घरं आमच्या रीतीने. अलीकडे 'सेफ्टी' कोणी जोडलं ते ठाऊक नाही, पण ज्याने जोडलं त्याला अण्णांनी एकदा तरी स्टुलावरून खाली उतरवलेलं असणार. कॉलनीत कोणी ट्यूबलाइट बदलायला चढला की अण्णा कुठून तरी प्रकटतात. स्टुलाचे चारी पाय जमिनीला टेकलेत का ते बघतात, मेन स्विच बंद करायला लावतात, आणि मग अंधारात सगळ्यांना उभं करून विजेच्या धक्क्याने माणूस नेमका कसा दगावतो ते सविस्तर सांगतात. ट्यूब दुसऱ्या दिवशी बदलली जाते, अण्णा बाजारात गेल्यावर.

मराठी वाचकाला आवडी ठाऊक असलीच तर दोन कारणांनी. एक म्हणजे १९५५ सालचं काँग्रेसचं अधिवेशन, ज्यात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. आणि दुसरं म्हणजे रणगाडे. ठरावाचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही, रणगाडे मात्र अजून निघतात. १९६५ साली इथून विजयंता बाहेर पडला, मग अजेय, अर्जुन, भीष्म. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा रणगाड्यांच्या कंपनीचं मुख्यालय आवडीतच आलं. अंबरनाथचा एक कारखानाही त्याच कंपनीत गेला. अण्णा मूळचे वरणगावकडचे. आधी वरणगावात काडतुसं तपासली, मग अंबरनाथला सुटे भाग, आणि शेवटी आवडीत अख्खे रणगाडे. वस्तू वाढत गेली, काम तेच राहिलं: दुसऱ्याने केलेल्या कामाला 'नाही' म्हणणं.

तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस घरी येताना खातं गेटवर ठेवून येत नाही. अण्णांनी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून कढईचा दांडा बघितलेला आहे. आवडीतल्या परुतिपट्टू तलावावर पेडल बोटीत बसताना त्यांनी लाइफ जॅकेट घातलं ते ठीकच, पण घरून नेलेलं घातलं. आमच्या नव्या गाडीची पूजा चालली होती तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही. हँडब्रेक ओढलाय का एवढं मात्र गुरुजींना विचारलं. असल्या माणसाचा राग येतो आणि तो व्यक्त करता येत नाही, कारण हँडब्रेक खरंच ओढलेला नसतो.

हे सगळं सांगायचं कारण जेट स्की.

पोंगलच्या सुट्टीत अण्णांचा भाचा बायको-मुलासह भुसावळहून आला. येतानाच ठरवून आला होता की चेन्नईला जायचं तर समुद्रात जेट स्की चालवायची. आवडीला समुद्र नाही, तो तास-दीड तास पूर्वेला. मुट्टुकाडूला राज्य पर्यटन महामंडळाचं बोट हाउस आहे, तिथे खाडीच्या शांत पाण्यात हौस भागते. अण्णांचा कल तिकडे होता. भाच्याला मात्र लाटा हव्या होत्या.

"मी तारकर्लीला चालवलीय मामा," तो म्हणाला.

"चालवलीस का बसलास?"

"म्हणजे हँडल माझ्या हातात होतं. मागे त्यांचा पोरगा होता."

"गॅस कोणाच्या हातात होता?"

भाचा थोडा वेळ थांबला. "त्याच्या."

"मग तू माल होतास भो," अण्णा म्हणाले आणि उठून चष्मा आणायला गेले. अण्णा चष्मा आणायला गेले की पुढचे चार दिवस कुणाचेच राहत नाहीत.

त्यांनी यंत्राचं मॅन्युअल शोधलं, छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग केलं. शनिवारी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत सभा बोलावली. हजर: अण्णा, वहिनी (कणीक मळत), भाचा, त्याची बायको, सहा वर्षांचा चिरंजीव, आणि साक्षीदार म्हणून मी. मी हिशेब खात्यातला, त्यामुळे अण्णांच्या मते मला फक्त समक्ष हजर राहता येतं, समजत काही नाही.

"या यंत्राला," अण्णांनी सुरुवात केली आणि आवाज खाली आणला, "ब्रेक नाही."

खोलीत कोणाला धक्का बसला नाही, पण अण्णांना तो बसलेला दिसत होता. अडुसष्ट टनांचा अर्जुन मार्क एक-ए ब्रेक दाबला की उभा राहतो. आणि हे साडेतीनशे-चारशे किलोंचं प्रकरण, तासाला शंभराच्या घरात पळतं, आणि थांबायची सोय म्हणजे पाण्याची दया. भाच्याने सांगून पाहिलं की २००९पासून एका कंपनीच्या गाड्यांना ब्रेकसारखं काही तरी आलं आहे. "किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती त्यातली असते का?" अण्णांनी विचारलं. भाच्याने गालिच्याकडे पाहिलं.

मग सुकाणूचा मुद्दा. इथे मी कबूल करतो की अण्णा कंटाळवाणे असले तरी शिकवतात चांगलं. यंत्र पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढतं आणि पंख्याने मागच्या तोटीतून जोरात फेकतं. ती तोटी हँडलबरोबर डावी-उजवी होते. वळण्याची सोय तेवढीच. खाली सुकाणूचं पातं नाही. गॅस सोडला की तोटीतून येणारा झोत सरतो, आणि मग हँडल काटकोनात फिरवा नाही तर उपटून हातात घ्या, यंत्र आधीच्या रेघेतच पुढे घसरत राहतं. समोर होडी दिसली की नवखा माणूस काय करतो? आधी गॅस सोडतो, मग हँडल वळवतो. रस्त्यावर हेच शहाणपण आहे. पाण्यात याने टक्कर पक्की होते. थोडा गॅस ठेवून वळायचं, आणि मुळात एवढ्या जवळ कोणाच्या जायचंच नाही.

"आता प्रात्यक्षिक."

सोफ्याचा हात म्हणजे जेट स्की. भाचा स्वार झाला. अण्णा ओरडले, "समोर होडी!" भाच्याने झटकन मूठ सोडली. नापास. सूनबाई नापास. चिरंजीव ओरडून सोफ्यावरून पडला. त्याला पडण्याचे गुण मिळाले. मी नापास. "समोर होडी!" अण्णा पुन्हा गरजले तेव्हा वहिनींची मूठ मात्र सुटली नाही, कारण तिच्यात कणीक होती. अण्णांनी त्यांना पास केलं आणि आम्हाला त्यांचा आदर्श ठेवायला सांगितलं.

दुसरं प्रकरण वजनाचं. यंत्रावर एक पट्टी असते, तिच्यावर किती माणसं आणि किती किलो ते लिहिलेलं असतं. अण्णांनी बाथरूममधला वजनकाटा दिवाणखान्यात आणला. भाचा चढला, अण्णांनी आकडा मोठ्याने वाचून वहीत मांडला. चिरंजीव चढला. मग ते सूनबाईंकडे वळले. सूनबाईंनी असं काही पाहिलं की मी हिशेब खात्यात असून मला बाकीचा हिशेब लगेच कळला. अण्णांना कळला नाही. "अंदाजे सांगितलं तरी चालेल," ते म्हणाले, "मी दहा टक्के वाढवून धरतो." सूनबाई आत गेल्या. सहल जवळजवळ तिथेच बुडाली होती. वहिनींनी आत जाऊन काय मनधरणी केली ते कळलं नाही, पण वहीत त्या रकान्यापुढे शेवटपर्यंत फुली राहिली.

रविवारी पहाटे निघालो. अण्णांनी हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज पाहिला होता आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असता तर गाडी गेटबाहेर काढू दिली नसती हे तीनदा सांगितलं. त्या महिन्यांत इथला पाऊस आणि वादळं असतात. आपल्याकडे समुद्र जूनमध्ये खवळतो म्हणून मराठी माणूस डिसेंबरात निर्धास्त इथल्या पाण्यात उतरतो, आणि फसतो. भाच्याने तारकर्लीची आठवण काढली. "तुझ्या कोकणात भरती-ओहोटी मोठी," अण्णा म्हणाले. "मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथे जेमतेम मीटरभर. पण इथली लाट काठाशीच येऊन फुटते. त्या फुटणाऱ्या पट्ट्यातून यंत्र पलीकडे नेणं, तिथेच माणसं उलटतात." वरणगावचा माणूस, तापी आणि हतनूरचं धरण सोडलं तर पाण्याशी नातं नाही, पण बोलताना वाटावं की घराण्यात आरमार होतं.

प्रत्येकाला त्यांनी एकेक शिट्टी दिली होती, पाण्यात मदत मागायला. चिरंजीवाने ईस्ट कोस्ट रोडवर सबंध वेळ मदत मागितली. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर पाठ करून घेतला होता. तो चुकला की शिट्टी काढून घ्यायची अशी वहिनींची सूचना होती, पण दुर्दैवाने पोराला तो पाठ होता.

किनाऱ्यावरचा तंबी, म्हणजे जेट स्की भाड्याने देणारा पोरगा, विशी-बाविशीतला, उन्हाने रापलेला, आणि फार थोडक्या शब्दांत जगणारा. त्याने पाच जॅकेटं टाकली, "कवलप्पडादींग" म्हणाला आणि यंत्राकडे वळला. आपल्या किनाऱ्यांवर सूचना द्यायला साधारण जॅकेटाची बकलं लावायला लागतो तेवढाच वेळ देतात, कुठे तेवढाही नाही. चिंता करू नका, हेच सुरक्षेचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. त्यामुळे अण्णांनी हात वर केला तेव्हा मला, मनातल्या मनात, बरंच वाटलं.

"सर्टिफिकेट?"

तंबीने टपरीतून लॅमिनेट केलेला कागद आणला. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचा. अण्णांनी दोन्ही बाजू वाचल्या, तारीख पाहिली, उन्हात धरून पाहिला. खोट सापडली नाही. त्यांचा चेहरा पडला.

ती भरपाई जॅकेटांनी केली. जॅकेट घातलेल्या माणसाला खांद्यांजवळ धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल. अण्णांनी भाच्याला ओढलं, मला ओढलं, आणि जोरात आल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी आंध्र गृहस्थांनाही ओढलं. त्या गृहस्थांचं जॅकेट कानांच्याही वर गेलं. त्यांनी आधी रागाने पाहिलं, मग स्वतःच पट्टे आवळले आणि बायकोला बोलावून आणून अण्णांपुढे उभी केली. हळूहळू रांग लागली.

मग दोरी. टेलिफोनच्या रिसीव्हरला असते तशी वेटोळ्यांची दोरी, एक टोक यंत्राच्या खटक्यात, दुसरं स्वाराच्या मनगटाला किंवा जॅकेटला. माणूस पडला की खटका सुटतो, इंजिन बंद. नाही तर माणूस इथे गटांगळ्या खातो आणि यंत्र पोहणाऱ्यांच्या घोळक्यात जातं. पुढच्या फेऱ्या पटापट व्हाव्यात म्हणून किनाऱ्यांवर ही दोरी पुष्कळदा हँडललाच गुंडाळून ठेवतात. इथेही तशीच होती. अण्णांनी ती सोडवली. तंबी म्हणाला, सगळे पडतात, दर वेळी इंजिन बंद पडतं. "त्याचसाठी आहे ती, राजा," अण्णा मराठीत म्हणाले, आणि तंबीला ते कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

रांगेतल्या लोकांना आता अण्णा मोफत मिळालेला कार्यक्रम वाटू लागले होते. हिंदी, इंग्रजी आणि कारखान्यातली तमिळ यांची मिसळ करून त्यांनी सांगितलं: कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन सुरू करायचं नाही, वाळू आत खेचली जाते. मोकळे केस, ओढणी, लुंगीचं टोक, मंगळसूत्र पोटाखालच्या जाळीपाशी न्यायचं नाही. कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगणारे गोळे दिसले की लांबून वळायचं. दोर पंख्यात गुंतला की इंजिन बंद करून, दोरी काढून, मगच हात घालायचा. पडलात तर मागच्या बाजूने चढायचं. उलटली तर मागे स्टिकरवर बाण असतो त्याच दिशेने पालथी-सुलटी करायची, दुसऱ्या बाजूने फिरवली तर इंजिनात पाणी जातं. आणि काही झालं तरी यंत्र सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही. ते तरंगतं आणि लांबून दिसतं, माणसाचं डोकं दिसत नाही.

इथवर सगळे माना डोलावत होते. मग अण्णांनी मॅन्युअलचं खुणेचं पान उघडलं. मागे बसलेला माणूस उलटा पडला तर तोटीतला झोत थेट त्याच्या अंगावर येतो, आणि त्या झोताचा जोर एवढा असतो की साधी पोहायची चड्डी असली तर पाणी शरीरात, अण्णा क्षणभर थांबले, "अधोमार्गाने" शिरून आतडी फाटू शकतात. म्हणून जाड रबरी चड्डी. हे अक्षरशः खरं आहे, यंत्रावरच्या इशाऱ्यातही लिहिलेलं असतं. पण 'अधोमार्ग' आंध्र गृहस्थांना कळेना. इंग्रजी शब्द अण्णांना बायकांसमोर उच्चारवेना. तेव्हा त्यांनी हावभावांनी समजावलं. वहिनी समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सूनबाईंनी चिरंजीवाचे डोळे झाकले. शिट्टी मोकळीच होती. रांगेतली निम्मी माणसं उसाचा रस प्यायला गेली.

भाचा फेरी मारून आला, गॅस न सोडता वळला, मामांकडे बघत वळला. सूनबाई एकट्याच गेल्या, म्हणजे वजनाचा प्रश्नच मिटला. आता अण्णा. आम्हाला वाटलं होतं ते बसणारच नाहीत; रणगाडा पास करणारा माणूस युद्धाला थोडाच जातो. पण त्यांनी चष्म्याला गोफ बांधला, दोरी मनगटात अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. तंबीला मागे बसू दिलं नाही. "मी माल नाही," म्हणाले.

तंबीने यंत्र लाटांपलीकडे नेऊन दिलं आणि तो दुसऱ्या यंत्रावर बाजूला राहिला. अण्णांनी इंजिन सुरू केलं. गॅस दिला तो इतका थोडा, की यंत्र गुरगुरत जागच्या जागी विचार करू लागलं. सुरक्षित वेग. अगदी सुरक्षित. एक समुद्रपक्षी त्यांच्या पुढून पोहत गेला. मग वाऱ्याने यंत्राचं तोंड फिरवलं आणि ते हद्द दाखवणाऱ्या केशरी फुग्याकडे निघालं. अण्णांनी हँडल डावीकडे वळवलं. यंत्र फुग्याकडे. उजवीकडे. फुग्याकडेच. फुगा समोर दिसताच, शनिवारी आम्हाला नापास करणाऱ्या त्या हाताने उरलासुरला गॅसही सोडून दिला.

"आक्सिलेटर कुडुंग, अण्णा!" तंबी ओरडला.

"गॅस, मामा, गॅस!" भाचा काठावरून.

चिरंजीवाने शिट्टी वाजवली, या वेळी कारण होतं.

फुग्याला यंत्र अगदी हलकं टेकलं. अण्णा दचकले, मनगट मागे गेलं, खटका सुटला, इंजिन बंद. दोरीने काम चोख केलं होतं. समुद्रात, फुग्याला कवटाळून, अण्णा तिची गाठ तपासत होते.

काठावर आल्यावर आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघत होतो. अण्णांनी वही मागवली. कोरड्या हाताने, शांतपणे, रकाने भरले. त्रुटी: वळणे नाही. कारण: चालकाकडून अपुरा गॅस. कार्यवाही: फेरतपासणी. खाली सही केली, माझी साक्षीदार म्हणून घेतली, आणि पुन्हा पाण्याकडे चालू लागले.

फेरतपासणीत त्यांनी मूठ आवळली. यंत्र उठलं, फुग्याला लांबून वळसा घालून, मागे पांढरी रेघ सोडत गेलं, आणि लाटेवरून हवेत गेलं तेव्हा अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कोणत्याही मॅन्युअलात नाही. परत आले ते निथळत, केस उभे, चेहरा अत्यंत गंभीर. डाव्या वळणाची नोंद समाधानकारक, म्हणाले, पण उजवं वळण पाहायचं राहिलं. तेही पाहून आले. मग दोन्ही वळणं एकत्र पाहावी लागली. चौथ्यांदा तंबीपुढे उभे राहून ते म्हणाले की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं तपासणीच्या नियमात बसत नाही, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेब खात्यातला. मी सांगितलं, मंजूर तरतूद संपली. वहिनींनी पर्सची चेन ओढली, आणि अण्णांनी, सवयीने, ती नीट लागली का ते ओढून पाहिलं.